गाठ कोण सोडवतं? डिस्नेच्या तेरा राजकन्यांचं परीक्षण

डिस्नेच्या अधिकृत यादीत आज तेरा राजकन्या आहेत. 1937 मधल्या हिमगौरीपासून 2021 मधल्या रायापर्यंत तेराही चित्रपट ओळीने लावले तर एकोणीस तासांहून थोडे जास्त लागतात. यादीत एक गोम आहे. मुलान जन्माने राजकन्या नाही आणि लग्नानेही नाही, तरी ती आत. ‘फ्रोझन’मधली एल्सा चक्क राणी आणि ॲना सख्खी राजकन्या, तरी दोघी बाहेर, कारण त्यांचा माल स्वतंत्र नावाने खपतो. 2000 च्या सुमारास कंपनीच्या माल विकणाऱ्या विभागाने ही मोट बांधली, त्यामुळे ती राजघराण्यांची यादी कमी आणि खेळण्यांच्या दुकानाची यादी जास्त आहे. हे ध्यानात ठेवलं की पुढचे बरेच घोळ उलगडतात.

या चित्रपटांबद्दल सगळीकडे एकच पाढा म्हटला जातो: आधीच्या बिचाऱ्या, राजपुत्राची वाट बघत बसणाऱ्या, आताच्या धीट आणि लढवय्या. पाढा निम्माच बरोबर आहे. चित्रपट पारखायचा तर नायिकेच्या हातात तलवार आहे का ते बघत बसू नका. शेवटची पंधरा मिनिटं लावा. कथेची गाठ कोणाच्या निर्णयाने सुटते? आणि त्याआधीचा तासभर ती बोलते कोणाशी? या दोन प्रश्नांवर तेरा चित्रपटांची जी रांग लागते, ती वर्षांच्या क्रमाने लागत नाही.

‘हिमगौरी आणि सात बुटके’ पहिल्या प्रश्नात सपशेल नापास होतो. दुष्ट राणीचा पाठलाग बुटके करतात, तिला संपवते वीज, आणि हिमगौरीला उठवतं चुंबन. ती स्वतः काचेच्या पेटीत. पण राजपुत्र तरी कुठे काय करतो? तो दोनदा येतो आणि गाऊन जातो. यामागे तत्त्वज्ञान शोधायला जाऊ नका. खऱ्या माणसासारखा दिसणारा तरुण हलवणं तेव्हाच्या चित्रकारांना फार जड जात होतं, म्हणून त्याची भूमिका कापत कापत आणली. बुटके मात्र मनसोक्त रंगवले. नायिकेसाठी मार्ज चॅम्पियन या तरुण नर्तिकेला कॅमेऱ्यापुढे वावरायला लावून त्या हालचालींचा आधार घेतला होता. हिमगौरीचं गिरकी घेणं आजही हलकं वाटतं ते त्यामुळे. तिला अगदी मेणाची बाहुली म्हणणंही अन्यायाचं होईल. सात अनोळखी पुरुषांना ती हात धुतल्याशिवाय जेवायला वाढत नाही आणि रांगेत उभं करून हात उलटेपालटे तपासते. घरकाम हेच तिचं भांडवल आणि त्याच्याच बळावर ती आसरा मिळवते. 1937 च्या मानाने एवढं पुरेसं होतं. आजच्या मानाने फारच अपुरं.

‘सिंड्रेला’ (1950) मात्र लोकांच्या आठवणीत आहे त्यापेक्षा चांगला आहे. शेवट नीट बघा. सिंड्रेला नाचाची धून गुणगुणते तेव्हा सावत्र आईच्या लक्षात सगळं येतं आणि ती तिला माळ्यावर कोंडून घालते. उंदीर किल्ली ओढत जिन्याच्या एकेक पायरीवरून वर नेतात, हा प्रसंग इतका लांबवलाय की मोठ्या माणसांनाही धाप लागते. सिंड्रेला धावत खाली येते, तर सावत्र आई काठी आडवी घालून काचेचा बूट आणणाऱ्या सेवकाला पाडते. बुटाचा चुरा. इथे दुसरी एखादी रडली असती. ही शांतपणे म्हणते की दुसरा बूट माझ्याकडे आहे, आणि खिशातून काढून पुढे धरते. सावत्र आईचा त्या क्षणीचा चेहरा थांबवून बघण्यासारखा आहे. राजपुत्र त्या खोलीत नाहीच. पुरावा तिने जपून ठेवलेला, तो कधी काढायचा हेही तिनेच ठरवलेलं. चित्रपटाचा खरा दोष वेगळा: 74 मिनिटांतला मोठा वाटा उंदीर आणि मांजर खातात आणि नायिका स्वतःच्याच गोष्टीत पाहुणी होते.

तिसरी ऑरोरा, 1959 ची झोपलेली राजकन्या. पार्श्वभूमी चित्रकार आयविंड अर्लची, सरळसोट झाडं, जुन्या युरोपीय पडद्यांवरच्या नक्षीसारखी रेघ. दिसायला तेराही चित्रपटांत हाच अव्वल. राजकन्या मात्र नावालाच. आपण राजकन्या आहोत हे कळल्यावर ती रडते, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. गंमत अशी की गाठ पुरुष सोडवतो असं समजू नका. कैदेतून सोडवतात तीन म्हाताऱ्या पऱ्या, ढाल-तलवार देतात त्याच, आणि ड्रॅगनवर फेकलेली तलवार अचूक बसते तीही त्यांच्या मंत्राने. राजपुत्र फक्त हात. कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहावर या भाषाअभ्यासकांनी 2016 मध्ये या चित्रपटांतले संवाद मोजले. ऑरोराच्या चित्रपटात 71 टक्के बोलणं बायकांचं निघालं, सिंड्रेलात 60, हिमगौरीत 50.

आता हेच आकडे तथाकथित बंडखोर नायिकांचे बघा: जलपरी एरियल 32, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल 29, पोकाहाँटस 24, मुलान 23. जास्मिनच्या ‘अल्लादिन’मध्ये अवघे 10.

हे झालं कसं? 1959 नंतर स्टुडिओने तीस वर्षं राजकन्येला गोष्टीच्या केंद्रस्थानी आणलं नाही. 1989 मध्ये ती परत आली तेव्हा तिला धीट करायचं ठरलं होतं, पण तिच्या अवतीभवतीचं सगळं जग पुरुषांचं भरलं गेलं: बाप, सल्लागार, मित्र, खेकडा, मासा, ड्रॅगन, मेणबत्ती. विनोदी पात्र म्हटलं की हात आपोआप पुरुषाकडे जायचा. पूर्वीच्या गोष्टींत निदान सावत्र आई, पऱ्या, मोलकरणी असायच्या. आपल्याकडच्या आवडती-नावडतीच्या गोष्टीतही दोन बायका असतातच. नव्या राजकन्येला स्वातंत्र्य मिळालं, पण बोलायला बाई मिळाली नाही.

पेन्सिल कोणाच्या हातात होती हेही बघायला हवं. 1938 मध्ये नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला स्टुडिओने लेखी कळवलं होतं की चित्रं रचण्याचं सर्जक काम पूर्णपणे तरुण पुरुष करतात. मुलींना फक्त शाईने रेघ गिरवणं आणि रंग भरणं. अपवाद होते, सिंड्रेलाचे रंग आणि वातावरण ज्यांच्या कल्पनाचित्रांवर उभे आहेत त्या मेरी ब्लेअर हा सगळ्यात मोठा. तरी डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाची पटकथा बाईच्या नावावर यायला 1991 उजाडलं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या लिंडा वूल्व्हर्टन त्या पहिल्या. आणि तिथेही ओढाताण होती. पटकथेत बेल नकाशावर बघायच्या गावांना टाचण्या लावते असा प्रसंग होता. स्टोरीबोर्डवर चित्र उतरलं ते स्वयंपाकघरात केक सजवणाऱ्या बेलचं. तडजोड म्हणून तिच्या हातात पुस्तक आलं.

एरियलला लोक एका वाक्यात निकालात काढतात की तिने मुलासाठी आवाज विकला. पण क्रम बघा. माणसांच्या वस्तूंनी भरलेली गुहा आणि वरच्या जगाबद्दलचं गाणं राजपुत्र दिसण्याच्या आधीचं आहे. नायिका पहिल्या वीसेक मिनिटांत आपल्याला काय हवं ते गाऊन सांगते, ही रीत इथे पक्की झाली आणि नंतरच्या जवळपास सगळ्यांनी ती उचलली. (चाचणी खेळात मुलं चुळबुळली म्हणून तेच गाणं कापायच्या गोष्टी चालल्या होत्या.) शेवट मात्र हातचा जातो. अर्सुला या समुद्रचेटकिणीचे केस ओढून एरियल तिचा वार चुकवते एवढंच. मग तुटक्या गलबताचं टोक अर्सुलाच्या पोटात खुपसतो राजपुत्र एरिक, आणि पाय देतो बाप. मुलगी एका परवानगीतून दुसऱ्या परवानगीत.

बेलचा चित्रपट या बाबतीत उजवा आहे, आणि त्याचं कारण पुस्तकं नव्हेत. लांडग्यांच्या हल्ल्यानंतर ती राक्षसाची जखम पुसत असते तेव्हाचं भांडण बघा. तो म्हणतो, तू पळाली नसतीस तर हे झालं नसतं. ती म्हणते, तू घाबरवलं नसतंस तर मी पळाले नसते. तो आणखी एक कारण काढतो, तर ती म्हणते, तू रागाला आवर घालायला शिक. तो गप्प. तोपर्यंतच्या कुठल्याही राजकन्येने नायकाला अशी बरोबरीने उत्तरं दिली नव्हती. कैदेतून प्रेम, हा आक्षेप तरी उरतोच, आणि वाचनालय भेट दिल्याने तो पुसला जात नाही.

जास्मिन म्हणते की मी जिंकायचं बक्षीस नाही, आणि चित्रपट तिला बक्षीसच करतो. पोकाहाँटस तर मुळातच फसलेलं प्रकरण. गोष्ट घडते त्या 1607 मध्ये खरी पोकाहाँटस अकरा वर्षांच्या आसपास होती. पुढे तिचं लग्न जॉन रॉल्फशी झालं आणि 1617 मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडला ती वारली. एवढ्या दुःखावर प्रेमगीतं बसवणं रुचत नाही. नायक निघून जातो आणि ती मागे राहते, एवढा एक शेवट तेवढा धीट.

‘मुलान’वर (1998) थांबायला हवं, कारण दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे परस्परविरुद्ध येतात. गाठ पूर्णपणे तिची. डोंगरात हुणांचं सैन्य अंगावर येत असताना शेवटचा दारूगोळा ती सेनापतीवर न झाडता बर्फाच्या कड्यावर झाडते आणि हिमस्खलन जवळपास सगळ्यांना गाडून टाकतं. राजवाड्यातही युक्ती तिचीच: तिघे दणकट शिपाई बायकी वेषात, आणि प्रशिक्षणात खांब चढायची जी रीत तिने शोधली होती तीच कमरेचे शेले वापरून पुन्हा. सुरुवातीला पेरलेलं शेवटी उगवतं, पटकथा अशी हवी. गाता गाता ती बाहीने तोंड पुसते तेव्हा क्षणभर अर्धा चेहरा पावडरचा आणि अर्धा स्वतःचा दिसतो. संबंध चित्रपट त्या एका चित्रात मावतो. पण छावणीत गेल्यावर ती सगळा वेळ पुरुषांत, आणि मुशू हा तिचा मदतनीस ड्रॅगन तिच्या दीडपट बोलतो! राष्ट्र वाचवणारी मुलगी आणि माइक विदूषकाकडे.

2009 पासूनचे चित्रपट हा हिशेब फेडायला बसतात. टियाना (‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’, न्यू ऑर्लिन्स, 1920 चं दशक) डब्यांत चिल्लर साठवून हॉटेल काढू बघते. राजपुत्राला मश्रूम बारीक चिरायला लावते आणि तो शिकतो, हा प्रसंग कुठल्याही तलवारबाजीपेक्षा नवा आहे. पण पहिली कृष्णवर्णीय राजकन्या बराच वेळ बेडकीच्या रूपात दाखवायची हे स्टुडिओला कसं सुचलं, देव जाणे.

‘टँगल्ड’मध्ये (2010) रपुंझेलच्या तव्याचं कौतुक फार झालं. खरी कमाई गोथेल आहे, तिला मनोऱ्यात कोंडून स्वतःला आई म्हणवणारी. आरशासमोर दोघी उभ्या असतात. गोथेल म्हणते, मला एक खंबीर, सुंदर बाई दिसतेय, अरे, आणि तूही आहेस की इथे. मग लगेच, गंमत केली गं. घरातल्या घरात मुलीला खच्ची करणं इतकं अचूक मुलांच्या चित्रपटात क्वचितच आलंय. शेवटाला मात्र घात होतो. रपुंझेल स्वतःचा सौदा करते: त्याला बरं करू दे, मी जन्मभर तुझ्याबरोबर राहीन. आणि तिचा प्रियकर युजीन आरशाच्या तुकड्याने, तिला न विचारता, तिचे जादूचे केस कापून टाकतो. त्याग त्याचा खरा. पण निर्णयही त्याचाच.

‘ब्रेव्ह’ (2012) हा पिक्सार या डिस्नेच्याच दुसऱ्या स्टुडिओचा, आणि आमच्या दोन प्रश्नांवर पैकीच्या पैकी गुण घेणारा. बोलण्यात बायकांचा वाटा 74 टक्के, कारण गोष्ट मेरिडा आणि तिच्या आईची आहे. मागणी घालणारे सरदारपुत्र आहेत तीन, तिन्ही थट्टेला. धनुर्विद्येचा प्रसंग सावकाश बघा. मेरिडाला घट्ट निळा झगा घातलेला, टोपीखाली केस कोंबलेले. ती टोपी मागे सारते, धनुष्य ओढायला जाते, तर हात खांद्याच्या वर जात नाही. मग ती मुद्दाम जोर लावते, पाठीवरची आणि कोपरावरची शिवण टरकते, आणि तेव्हा कुठे बाण सुटतो. तिसरा बाण आधी रुतलेल्या बाणाला चिरत जातो. कपडा आणि शरीर यांचा झगडा जवळपास संवादाशिवाय कळतो. त्या कुरळ्या लाल केसांसाठी पिक्सारने नवं सॉफ्टवेअर लिहिलं. सुमारे 1500 वेगवेगळ्या बटांवर तो डोलारा उभा आहे. मध्यभाग ढिला आहे, अस्वल झालेल्या आईचे विनोद गरजेपेक्षा जास्त लांबतात. ब्रेंडा चॅपमन यांची ही मूळ कल्पना. पिक्सारमध्ये दिग्दर्शनाची खुर्ची मिळालेली ती पहिली बाई, आणि अर्ध्यावर ती खुर्ची काढून घेतली गेली. ऑस्कर तिच्या जागी आलेल्या मार्क अँड्र्यूजबरोबर वाटून घ्यावा लागला.

पुढचं तर कहरच. 2013 मध्ये मेरिडाला राजकन्यांच्या अधिकृत यादीत घेतलं, तेव्हा प्रसिद्धीच्या चित्रात तिची कंबर बारीक झाली, गळा खाली आला, केस सेट झाले आणि धनुष्य गायब. चॅपमननी उघड संताप व्यक्त केला, निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या पडल्या, आणि मूळ मेरिडा संकेतस्थळावर परत आली. चित्रपट एका वेगाने बदलतो, दुकान दुसऱ्याच.

‘फ्रोझन’ (2013) या यादीबाहेरचा, पण तो टाळून चालणार नाही. जेनिफर ली या डिस्ने ॲनिमेशनच्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात नाव आलेल्या पहिल्या बाई. एल्सा आधी खलनायिका होती. तिचं गाणं आल्यावर पटकथाच वळवावी लागली. ॲना एका संध्याकाळी हान्स या राजपुत्राशी लग्न ठरवते आणि तिचा वाटाड्या क्रिस्टॉफ तिची उलटतपासणी घेतो: आडनाव काय, आवडता पदार्थ कोणता, डोळ्यांचा रंग? स्टुडिओने स्वतःच्याच जुन्या गोष्टींची घेतलेली ही फिरकी. शेवटी जीव वाचवणाऱ्या चुंबनाकडे धावत असलेली ॲना वाट बदलते आणि बहिणीवर उगारलेल्या तलवारीआड उभी राहते. तिला वाचवणारी कृती तिची स्वतःचीच. तरी दोन नायिका असून बायकांचं बोलणं 41 टक्केच, आणि ॲनाचा डोळा तिच्या मनगटापेक्षा रुंद! कथा पुढे गेली, चेहऱ्याचा साचा बाहुलीचाच राहिला. दुसऱ्या भागात (2019) क्रिस्टॉफ धावत्या रेनडिअरवरून ॲनाला उचलून विचारतो: मी आलोय, तुला काय हवंय? नायकाचं काम एवढंच असावं. त्या भागाच्या हिंदी डबिंगमध्ये दोघी बहिणींना प्रियंका आणि परिणीती चोप्रा या चुलत बहिणींचे आवाज आहेत.

शरीराचा साचा खऱ्या अर्थाने मोडला ‘मोआना’ने (2016). जाड पोटऱ्या, रुंद खांदे, शीड ओढताना वजन टाकणारे पाय. प्रियकर नाही, त्याची उणीवही नाही. ती म्हणते मी राजकन्या नाही. तिच्यासोबतचा अर्धदेव माउई म्हणतो, झगा आहे आणि सोबत प्राणी आहे, म्हणजे राजकन्याच. शेवट शांत आहे. माउई लाव्हाच्या राक्षसिणीशी झुंजत असतो आणि मोआनाला तिच्या छातीवरचं चक्र दिसतं. ती समुद्राला बाजूला व्हायला सांगते आणि चालत तिच्याकडे जाते. आजीकडून ऐकलेली गोष्ट नीट ऐकल्यामुळेच तिला ते ओळखता येतं. त्यामानाने ‘राया’ दिसायला देखणा, पण विश्वास ठेवा हा धडा इतक्यांदा वाचून दाखवतो की रायाने आपला मण्याचा तुकडा शत्रूच्या हातात दिलेला उत्तम क्षण आधीच शिळा होतो.

स्तुती कशाची होते, हेही त्याच अभ्यासकांनी मोजलं. पहिल्या तीन चित्रपटांत बायकांना मिळालेल्या शाबासकीतली 55 टक्के रूपाची, नव्वदीच्या काळात 38, आणि टियानापासून पुढे 22. मुलांबरोबर बघताना हा खेळ घरीही करता येतो: कागदावर दोन रकाने आखा, रूप आणि काम, आणि कौतुकाच्या प्रत्येक वाक्याला एकेक काडी ओढा. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे चटकन जमतं.

एकोणीस तास कोणी एका दमात बघत नाही. चारच निवडायचे तर सिंड्रेला, मुलान, ब्रेव्ह, मोआना, आणि याच क्रमाने. पाच वर्षांखालच्यांना हिमगौरी लावताना जपा. अंधाऱ्या जंगलात झाडांचे हात होतात आणि राणीची म्हातारी होते, हे दोन्ही प्रसंग आजही मुलांची झोप उडवतात. मुलानमध्ये जळालेलं गाव आणि बर्फात पडलेली बाहुली आहे, ब्रेव्हमध्ये शेवटचं मोठं अस्वल. लहानग्यांसाठी मोआना त्यातल्या त्यात सोपा. लाव्हा आला की आवाज कमी केला तरी भागतं. गाणी मात्र पुढे ढकलू नका, पहिलं गाणं गाळलं की नायिकेला काय हवं होतं तेच कळत नाही आणि मग शेवट कोरडा वाटतो.

आणि चित्रपटानंतर बाहुलीचा हट्ट होणारच. मेरिडा घेणार असाल तर खोक्यात धनुष्य आहे का ते बघून घ्या.